यात्रा कंपन्यांना खुलं पत्र: कॉलऱ्याच्या लशीचा कागद मागण्याआधी पाण्याचा ड्रम बघा

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व यात्रा कंपन्यांचे मालक, व्यवस्थापक, आणि गाडीसोबत फिरणारे आचारी व चालक यांस,

सस्नेह नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून निवृत्त झालेली आरोग्य सेविका. पेठ, सुरगाणा आणि शेवटची काही वर्षं त्र्यंबक तालुका, अशी एकतीस वर्षं नोकरी झाली. त्यातले सगळे पावसाळे विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडतंय का ते बघण्यात, घरोघर मेडिक्लोरच्या, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाच्या, बाटल्या वाटण्यात आणि जुलाबाचे पेशंट शोधत पाड्यापाड्यांवर चालण्यात गेले. आता पंचवटीत राहते. पहाटे फिरायला निघाले की आडगाव नाक्याकडे तुमच्या गाड्या उभ्या दिसतात. टपावर बांधलेली पातेली, मागे शेगड्या आणि निळे ड्रम, आणि स्वेटर घालून, हातात पिशवी धरून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली म्हातारी माणसं. "सोबत आचारी, घरचं जेवण" एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर ती काशी-रामेश्वरला निघतात. त्या भरवशाबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर मी माझ्या मावशीला घेऊन अशाच एका यात्रेला गेले. पुरी, गंगासागर, गया, काशी, अयोध्या, असा अठरा दिवसांचा फेरा. मावशी एकाहत्तर वर्षांची, पिंपळगावला राहते, तोवर पंढरपूरच्या पलीकडे गेलेली नव्हती. निघायच्या पंधरा दिवस आधी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: सर्व यात्रेकरूंनी कॉलऱ्याचं इंजेक्शन घेऊन त्याचं सर्टिफिकेट ऑफिसात जमा करावं, त्याशिवाय सीट पक्की होणार नाही. मी फोन केला. म्हटलं, असलं इंजेक्शन आता कुणी घ्यायला सांगत नाही, आणि आपल्याच देशात देवाला जायला कसलं सर्टिफिकेट लागतं? पलीकडची मुलगी एवढंच म्हणाली, "मॅडम, साहेबांनी सगळ्यांकडून घ्यायला सांगितलंय." मी माझा कागद दिला नाही. ओळखीमुळे माझं निभावलं. मावशीनं मात्र गावातल्या एका दवाखान्यात जाऊन दंडात सुई टोचून घेतली, शिक्का मारलेला कागद आणला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवला. परत आल्यावर ती पिशवी मी आवरायला घेतली तेव्हा आत पावती सापडली. कागदावर "कॉलरा" लिहिलं होतं आणि पावतीवर "टीटी". म्हणजे मावशीला धनुर्वाताची सुई टोचली होती.

आता ड्रमचं सांगते. गयेच्या अलीकडे एका गावात आम्ही रात्री मुक्कामाला थांबलो. पहाटे पाचला मी उठून मोरीकडे गेले. अंगणात जमिनीलगत एक नळ होता, त्याला हिरवी नळी जोडलेली. नळीचं दुसरं टोक नळाखालच्या चिखलात पडलेलं होतं, आणि त्या चिखलात रात्रीची खरकटी भांडी विसळलेलं पाणी साचलेलं होतं. आचाऱ्याबरोबरचा पोरगा आला, त्यानं ते टोक उचललं, हातानं पुसल्यासारखं केलं आणि ड्रममध्ये सोडलं. ड्रमच्या तळाशी आदल्या दिवसाचं वीतभर पाणी होतं, ते तसंच होतं. बाजूला न घासलेल्या कडेवर शेवाळाची हिरवी रेघ. पिण्याचं पाणी त्याच ड्रममधून, त्यात बुडवायचा तांब्या एकच, आणि तो ज्याच्या हाताला लागेल त्यानं बुडवायचा.

मी हे बघितलं आणि काही बोलले नाही. एकतीस वर्षं हेच काम केलेल्या बाईनं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. निवृत्त झाल्या तरी यांची तपासणी काही सुटत नाही, असं आधी दोनदा ऐकून झालं होतं, म्हणून मी माझी आणि मावशीची बाटली बाहेरून विकत आणली आणि गप्प बसले. मावशीनं जेवताना मात्र पंगतीतलंच पाणी घेतलं.

दुसऱ्या रात्रीपासून गाडी दर अर्ध्या तासाला थांबायला लागली. सेहेचाळीस जणांत चौदा जणांना जुलाब-उलट्या. मावशीला पहाटेपर्यंत इतके झाले की तिची बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली, डोळे आत गेले, आणि हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायला लागली. ही खूण मी कितीतरी लेकरांच्या पोटावर बघितलेली आहे. गाडीच्या औषधाच्या डब्यात जुलाब थांबवायच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या, आणि ओआरएसचं पाकीट एकही नव्हतं. जिल्हा रुग्णालयात दोन दिवस सलाईन लागलं, तेव्हा ती उठून बसली.

तो कॉलराच होता असं मी म्हणणार नाही. शौचाचा नमुना कुणी घेतला नाही, त्यामुळे ते सांगायची सोयच राहिली नाही. पण माझ्याखेरीज सगळ्यांच्या पिशव्यांत कॉलऱ्याचे सर्टिफिकेट म्हणून कागद होते, आणि त्या कागदांमुळे आपण सुरक्षित आहोत असं सगळ्यांना वाटत होतं. मालकांनासुद्धा प्रामाणिकपणे तसंच वाटत असावं. म्हणून या लशीबद्दल जे खरं आहे ते आधी सांगते.

आपल्या आजी-पणजी या रोगाला पटकी म्हणायच्या. गावाच्या वेशीवर मरीआईचं ठाणं असायचं आणि पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचे. जत्रेतून माणसं परत आली की पाठोपाठ रोग यायचा, हे लोकांनी बघितलेलं होतं. १७८३ सालच्या हरिद्वारच्या कुंभात आठवडाभरात वीस हजारांच्या आसपास माणसं पटकीनं गेली अशी नोंद आहे. पुढे हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन तो भारतात आला. मुंबईत परळला ज्याच्या नावाची संस्था आहे, तोच हा माणूस. त्यानंतर कितीतरी वर्षं जत्रेच्या तोंडाशी सुईवाले बसायचे. माझी आई सांगायची, त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाताना दंडात सुई बसली की दोन दिवस हात वर होत नसे आणि ताप यायचा तो वेगळाच.

तुमच्या ऑफिसात ज्या कागदाची आठवण शिल्लक आहे तो त्या काळातला आहे. परदेशी जाणाऱ्यांच्या लसीकरणाच्या पुस्तिकेतही तेव्हा कॉलऱ्याचं एक पान असे. पण ती टोचायची लस फार तर निम्म्या लोकांना उपयोगी पडायची, तीही काही महिनेच, आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाणारा रोग तिनं थांबत नाही हे स्पष्ट झालं. म्हणून १९७३ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतून कॉलऱ्याच्या सर्टिफिकेटची अट काढून टाकली. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत जाताना जे पिवळं कार्ड मागतात ते यलो फीव्हरचं, म्हणजे पीतज्वराचं. तो रोग वेगळा, तो डासातून येतो, आणि त्याची लस सरकारनं नेमलेल्या केंद्रातच मिळते. या दोन गोष्टींची गल्लत मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण आता कळल्यावर तो निरोप ग्रुपवरून काढून टाका, ही पहिली विनंती. त्या निरोपामुळे म्हातारी माणसं दवाखाने शोधत फिरतात आणि कुणीतरी त्यांना भलतीच सुई टोचून पैसे घेतं.

आजची कॉलऱ्याची लस प्यायची असते. छोट्या कुपीत जेमतेम दीड मिलीलीटर. आपल्याकडे जिचा वापर होतो ती मेलेल्या जंतूंपासून केलेली असते आणि तिचे दोन डोस घ्यावे लागतात, मध्ये निदान चौदा दिवस सोडून. दुसऱ्या डोसानंतर आठवडाभरानं अंगात पुरेशी ताकद येते. या प्रकारातल्या शांचोल नावाच्या लशीची मोठी परीक्षा २००६ पासून कोलकात्याच्या दाट वस्त्यांमध्ये झाली, आणि पाच वर्षं मागोवा घेतल्यावर असं दिसलं की ती सरासरी शंभरातल्या पासष्टांचा बचाव करते. पाच वर्षांखालच्या मुलांत त्याहून कमी. २००९ मध्ये ती हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं बाजारात आणली, पण तिचं उत्पादन आता बंद झालं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्याच भारत बायोटेकनं हिलकोल नावाची नवी प्यायची लस आणली. अमेरिकेत २०१६ पासून प्रवाशांसाठी एकाच डोसाची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. मोबाईलवर वाचून "एकच डोस पुरतो" असं जे लोक सांगतात ते त्या लशीबद्दल वाचलेलं असतं.

म्हणजे लस चांगली आहे. ज्याला तिची गरज आहे त्यानं जरूर घ्यावी, हे मी लसीकरणात आयुष्य घालवलेली बाई म्हणून छातीठोकपणे सांगते. पण ती फक्त कॉलऱ्यावर चालते. टायफॉइड, कावीळ, आमांश, आणि प्रवासात ज्यांनी बहुतेकांचं पोट बिघडतं ते इतर जंतू यांच्यावर तिचा भरवसा ठेवता येत नाही. कॉलऱ्यावरसुद्धा शंभरातले पस्तीस उघडेच राहतात. शिवाय ज्या प्रवाशाला बरं पाणी आणि शिजवलेलं गरम अन्न मिळतं त्याला कॉलरा होण्याची शक्यता मुळातच फार थोडी असते. म्हणून काशीयात्रेच्या सरसकट सगळ्या गाडीला ती पाजायची असं जगात कुणी सांगत नाही. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं साथींसाठी या लशीचा साठा उभारला. मागणी इतकी वाढली की २०२२ च्या ऑक्टोबरात साथीच्या ठिकाणीही दोनऐवजी एकच डोस द्यायचा निर्णय घ्यावा लागला. छावणीतल्या लेकरांना एका डोसावर भागवावं लागलं, इतकी ती मोलाची वस्तू आहे.

मग गरज कुणाला? जिथे साथ चालू आहे तिथे जाऊन जो राहणार, काम करणार आणि तिथलंच पाणी पिणार, त्याला. नर्स, डॉक्टर, मदतकार्यावर जाणारे, छावणीत किंवा बांधकामाच्या कॅम्पवर राहणारे कामगार. आपल्या नाशिकमधून अशी माणसं जातात. तुमच्यातले काही जण परदेशी जाणाऱ्यांची तिकिटं आणि व्हिसाही करता, म्हणून हे सांगते. माझ्या भाचीचा नवरा सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. २०२५ मध्ये त्याला अंगोलात एका प्रकल्पावर पाठवायचं ठरलं. त्या वर्षी जानेवारीपासून अंगोलात कॉलऱ्याची मोठी साथ होती. तिकीट काढून देणाऱ्यानं यलो फीव्हरचं कार्ड तेवढं मागितलं, कारण विमानतळावर तेच बघतात. कॉलऱ्याचा शब्द कुणी काढला नाही. त्यानं मला सहज फोन केला तेव्हा निघायला नऊ दिवस उरले होते. दोन डोसांमध्येच चौदा दिवस लागतात! मी त्याला क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची वीस पाकिटं आणि पाणी उकळायची विजेची किटली घेऊन पाठवलं आणि पुढचे चार महिने रोज त्याच्या मेसेजची वाट बघितली. तो सुखरूप आला. पण तिकीट काढताना कुणीतरी दीड महिना आधी त्याला विचारलं असतं, "तिथे काय साथ चालू आहे, डॉक्टरला भेटलास का?" तर त्याला लस घेऊन जाता आलं असतं. हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तो विचारा, आणि निदान सहा आठवडे आधी विचारा.

आता यात्रेच्या गाडीकडे येते, कारण तुमचा खरा धंदा तो आहे आणि माझी खरी काळजीही तीच आहे.

कॉलऱ्याचा जंतू तोंडावाटेच आत जातो. आजारी माणसाच्या शौचातून तो पाण्यात येतो, आणि पाण्यातून किंवा हातातून दुसऱ्याच्या ताटात. आत गेल्यावर काही तासांतही लक्षणं सुरू होतात, कधी पाच दिवस लागतात. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब, पोटात कळ फारशी नाही, आणि अंगातलं पाणी मात्र हंडा कलंडल्यासारखं जातं. उपचार मिळाले नाहीत तर धडधाकट माणूस काही तासांत संपतो, आणि वेळेवर मिळाले तर शंभरात एकही दगावू नये, असा हा रोग आहे. यातली दुसरी अवघड गोष्ट अशी की जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा थोडंसं पोट बिघडतं. ती माणसं हिंडत-फिरत असतात आणि त्यांच्या शौचातून काही दिवस जंतू पडत राहतात. तुमचा आचारी त्यांच्यातला एक असू शकतो. त्याला काल दोनदा ढाळ झाले आणि आज बरं वाटतंय, एवढंच त्याला माहीत असतं. म्हणून आचाऱ्याला जुलाब झाले की त्याला स्वयंपाकातून बाजूला करा, जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस, आणि त्याची रोजी कापू नका. रोजी कापली की तो आजार लपवणार, पोटासाठी कुणीही लपवील.

ड्रमचं मी जे सुरगाण्यात गावोगाव सांगत आले तेच तुम्हाला सांगते. पिण्याचा ड्रम वेगळा, वापरायचा वेगळा, आणि पिण्याच्या ड्रमला तोटी हवी. तोटी बसवली की तांब्या बुडवणं थांबतं, आणि अर्धं दुखणं तिथेच अडतं. ज्या ड्रमला तोटी नसेल त्याला लांब दांड्याचं वगराळं ठेवा, आणि ते एकाच माणसाच्या हातात द्या. रोज संध्याकाळी ड्रम पूर्ण उपडा करून घासायचा. तळाच्या वीतभर पाण्यावर नवीन पाणी ओतायचं नाही. नळी स्वतःची ठेवा, तिची दोन्ही टोकं स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा, जमिनीला लागू देऊ नका. पाणी भरलं की क्लोरीनची गोळी किंवा द्रावण पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीनची ताकद मातीतच खर्च होते, तेव्हा आधी निवळू द्या, चौपदरी कापडातून गाळा, मग गोळी. क्लोरीन राहिलंय का हे बघायची ओटीची साधी बाटली मिळते. तपासायच्या छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. आपल्या गावांतला पाणी सोडणारा माणूस रोज हे करतो, तुमच्या पोराला शिकायला दहा मिनिटं लागतील.

पाणी उकळत असाल तर खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर राहू द्या. केदारनाथ-बद्रीनाथकडे, उंचावर, तीन मिनिटं. तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे बुडबुडे दिसले म्हणून आच बंद करू नका.

जेवणाचं फार सांगत नाही, तुमचे आचारी माझ्यापेक्षा हुशार आहेत. एकच सांगते. सकाळी कापलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर दुपारपर्यंत गाडीत हेलकावे खात जाते, ती बंद करा. आणि रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणी देऊन वाढू नका. वाढायचं ते वाफाळतं वाढा.

ओआरएसवर मात्र मला थांबायलाच हवं. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती आणि सलाईन संपलेलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रम भरले आणि ते पाणी नातेवाइकांच्या हातांनी रोग्यांना पाजायला सुरुवात केली. शंभरात तीसच्या घरात जाणारे मृत्यू चारच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी माझ्या जुन्या उपकेंद्रातल्या आशाताईला फोन केला होता, आम्ही दोघी बराच वेळ बोललो. ज्या ड्रमनं रोग पसरतो तसल्याच ड्रमातून त्या माणसानं जीव वाचवले.

प्रत्येक गाडीत निदान शंभर पाकिटं ठेवा. पाकीट एक लिटरचं असेल तर ते पूर्ण, एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात नाही, कारण प्रमाण चुकलं की उपयोग जातो. दर जुलाबानंतर पेलाभर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानातून चौकोनी डब्यातलं गोड सरबत ओआरएस म्हणून आणू नका. २०२५ च्या ऑक्टोबरात देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांवर ओआरएस हे नाव लिहायला मनाई केली, तरी जुनी सवय जात नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. आणि त्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या डब्यातून काढून टाका. कॉलऱ्यासारख्या जुलाबात त्या देऊ नयेत, कारण रोग आत तसाच राहतो आणि बघणाऱ्याला मात्र बरं झाल्यासारखं वाटतं. तुमच्या गाडीतले निम्मे लोक रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे असतात. निघतानाच ती यादी लिहून ठेवा, म्हणजे पाणी कमी झालेल्या माणसाला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरला पहिल्या मिनिटाला ते सांगता येईल.

आणि लपवू नका. आमच्या गाडीत हेच झालं. दोन आजारी माणसांना रेल्वेत बसवून नाशिक रोडला पाठवून दिलं, बाकीच्यांना "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणून सांगितलं, कारण कंपनीचं नाव खराब होईल ही भीती. त्या दोघांनी छत्तीस तास रेल्वेचा एकच संडास वापरला. एकाच गाडीत एका दिवसात तीन जणांना जुलाब झाले तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सांगा आणि एकाचा तरी शौचाचा नमुना द्या, औषध सुरू करायच्या आधी. घरी पोचल्यावर पाच दिवसांत कुणाला त्रास झाला तर महापालिकेच्या किंवा गावच्या आरोग्य केंद्राला कळवा. नाव खराब होईल म्हणता, पण मावशीच्या गावात आज त्या कंपनीचं नाव कुणी काढत नाही, आणि ते आजारामुळे नाही, लपवल्यामुळे.

हे सगळं आत्ताच का लिहिते? ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. प्रयागचा कुंभ माघाच्या थंडीत भरतो. आपला भरतो ऐन पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, गोदावरीला गढूळ पाणी असताना. त्याच दिवसांत आमच्या आदिवासी पट्ट्यात जुलाबाच्या साथी येतात, हे मी दरवर्षी बघितलेलं आहे. तुमच्याच गाड्या तेव्हा खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून माणसं भरून आणतील, तपोवनात उतरवतील, रामकुंडावर नेतील, कुशावर्तावर नेतील आणि परत त्यांच्या गावात सोडतील. सरकार दवाखाने उभारील, टँकर लावील, ते त्यांचं काम. पण गाडीतल्या ड्रमपर्यंत कुठलाही अधिकारी पोचत नाही. तिथे तुम्हीच असता. सर्टिफिकेट मागणारा निरोप त्या वेळी एका मोबाईलवरून दुसऱ्यावर असा फिरला, तर लाखो माणसं दवाखान्यांपुढे रांगा लावतील आणि धनुर्वाताच्या सुया टोचून घेऊन निर्धास्त होतील. या विचारानं मला झोप लागत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि एक देणं आहे. मागणी अशी की तुमच्या छापील पत्रकात जिथे देवस्थानांची यादी असते, तिथेच खाली दोन ओळी छापा: पिण्याचं पाणी कसं भरलं जातं, आणि गाडीत ओआरएसची किती पाकिटं आहेत. गिऱ्हाईक वाचील, आणि न विसरता विचारील.

देणं असं की तुमच्या आचाऱ्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या पोरांना एखाद्या दुपारी एकत्र जमवा. पंचवटीतल्या कुठल्याही मंगल कार्यालयाचं अंगण चालेल. येताना प्रत्येकानं आपापला ड्रम, नळी आणि तांब्या घेऊन यावं. ओटीची बाटली, क्लोरीनच्या गोळ्या आणि तोट्या मी आणते. मावशीही येणार म्हणते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
पंचवटी, नाशिक